अंगातली राखण : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

पाऊस लागला की या सदरात येणाऱ्या प्रश्नांचा रोखच बदलतो. मे महिन्यात घामोळं, उन्हाळी लागणं, पोटाच्या तक्रारी, आणि जून सरला की ताप, जखमा, लेप्टो (उंदराच्या मुतातून येणारा ताप), साप. यावेळी आलेल्या पत्रांतले बरेचसे प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येत होते, की शरीर आजाराशी लढतं म्हणजे नक्की करतं काय आणि मग कधीकधी ते कमी का पडतं, किंवा उलट नको तिथे का लढतं. म्हणून या अंकात तेवढेच प्रश्न घेतलेत. नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत, फक्त गाव.

लांजा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकांचा प्रश्न : लावणी चालू असताना चिखलात पायाच्या अंगठ्याजवळ काहीतरी कापलं. हळद लावली आणि परत शेतात उतरलो. तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाण आलं, अंगात कणकण पण आहे. आई म्हणते शेकव, मित्र म्हणतो तेल लावून चोळून जिरव. जखम पायाला आणि गाठ जांघेत, हे कसं काय?

पहिलं म्हणजे चोळू नका, दाबू नका. अवधाण हा वेगळा रोग नाही, पायाच्या जखमेचं निम्मं काम तिथे चाललंय.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण बाकीची उत्तरं पण यावरूनच कळतील. चामडी शाबूत असते तोवर चिखलातले बहुतेक जंतू बाहेरच राहतात. पण लावणीत पाय तासन्‌तास पाण्यात भिजून पांढरे पडतात, बोटांच्या बेचक्या सोलवटतात आणि त्यात कापलं की जंतूंना आयती वाट मिळते. मग काही मिनिटांतच जखमेच्या आसपासच्या पेशी रसायनं सोडायला लागतात, त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर पाझरतात. जखम लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते ते सगळं त्यामुळे. म्हणजे सूज ही जंतूंनी केलेली नसते, आपल्याच शरीराने केलेली असते.

सगळ्यात आधी पोचतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. मोठ्या माणसाच्या हाडांतल्या मगजात रोज साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल बनतात आणि रक्तात त्या जेमतेम एखादा दिवस जगतात. जंतू दिसला की त्याला गिळायचं, आतल्या आत विरघळवायचं आणि स्वतः पण मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. जखमेतला पू म्हणजे बहुतांश याच मेलेल्या पेशी. रक्ताच्या रिपोर्टवर डब्ल्यूबीसी काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा असतो ना, मोठ्या माणसात साधारण ४ ते ११ हजार, तो चढला की डॉक्टर इन्फेक्शन आहे का बघतात ते यामुळेच. पेशी अशा जंतूला गिळायला धावतात हे नीट ओळखलं एली मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने, १८८२ साली, इटलीत मेसिनाला समुद्राकाठी राहत असताना. तारामाशाची पिल्लं इतकी पारदर्शक असतात की आतलं सगळं दिसतं, त्यांच्यात त्याने गुलाबाचे बारीक काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. पुढे १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर मिळालं.

आता जांघेचं. जखमेत डेंड्रायटिक पेशी म्हणून एक जात असते, ती जंतूचे तुकडे उचलते आणि रसवाहिन्यांमधून जवळच्या गाठीत नेऊन दाखवते. पायाचा रस्ता जांघेत जातो, हाताचा काखेत, घशाचा गळ्याला, म्हणूनच टॉन्सिल सुजले की जबड्याखाली गाठी लागतात. त्या गाठीत टी आणि बी अशा दोन प्रकारच्या पेशी खच्चून भरलेल्या असतात आणि त्यातली प्रत्येक वेगळ्या आकाराचा तुकडा ओळखते. मालवणच्या गाबित मच्छीमारांकडे बांगड्याचं जाळं वेगळं आणि पापलेटचं वेगळं असतं, तशी शरीराने कोट्यवधी तऱ्हेची जाळी आधीच विणून ठेवलेली असतात, कुठला मासा येणार हे माहीत नसताना. ज्या पेशीला तो तुकडा बरोब्बर जुळतो ती एकटी मग भराभर वाढायला लागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार करत हजारो होतात, आणि गाठ फुगते ती याने. नवा जंतू असेल तर या कामाला चार-पाच दिवस ते आठवडा लागतो, तोपर्यंत सगळा भार न्यूट्रोफिल आणि त्यांच्या भाऊबंदांवर. तापाचंही तेच, लढणाऱ्या पेशी जी रसायनं सोडतात ती मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदू अंगाची उष्णता मुद्दाम वर नेतो, म्हणून आधी थंडी वाजते आणि मग अंग तापतं. बऱ्याच जंतूंना ती उष्णता मानवत नाही आणि आपल्या पेशी मात्र त्यात जास्त जोमाने काम करतात.

तेव्हा गाठ जिरवायची नाही, जखम सांभाळायची. साबण-पाण्याने स्वच्छ धुवा, पाय कोरडा ठेवा, दोन-चार दिवस चिखलात उतरू नका (हे लावणीत सांगणं सोपं आणि करणं कठीण आहे याची मला जाणीव आहे, पण तरी), धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर घ्या. जखमेपासून वर लाल रेघ चढताना दिसली, गाठ लाल होऊन मऊ पडली, किंवा ताप १०१ च्या वर गेला तर घरी बसू नका. आणि तापाबरोबर पोटऱ्या सडकून दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, लघवी कमी होत असेल तर तो लेप्टो असू शकतो, दवाखान्यात गेल्या गेल्या "मी लावणीला होतो" हे वाक्य आधी सांगा. त्या एका वाक्याने डॉक्टरांचा अख्खा विचार बदलतो.

कुडाळहून एका वाचकांनी विचारलंय : मागच्या पावसात मला लेप्टो झाला, आठवडाभर ॲडमिट होतो. आता बॉडीत अँटिबॉडीज (जंतूला ओळखून चिकटणारी शरीराची प्रोटीनं) तयार झाल्या, परत होणार नाही असं सगळे म्हणतात. यंदा आरोग्यसेविका गोळ्या देऊन गेल्यात, त्या घ्यायच्या की नको?

घ्या. सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे आणि या अर्ध्या खऱ्यावर विसंबून माणसं दगावतात म्हणून जरा कडक शब्दात सांगतोय.

शरीराची आठवण जबरदस्त असते यात शंका नाही. लढाई संपली की वाढलेल्या पेशी बहुतेक मरून जातात, पण काही राहतात, वर्षानुवर्षं, आणि तोच जंतू परत आला तर आठवड्याचं काम एक-दोन दिवसांत उरकतात, कितीदा तर आपल्याला कळत पण नाही. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण फेरो बेटांचं आहे. उत्तर अटलांटिकमधली ही बेटं, तिथे १७८१ साली गोवराची साथ आली आणि नंतर ६५ वर्षं गोवर फिरकलाच नाही. १८४६ ला परत आला तेव्हा बेटांवरची बहुतेक माणसं आजारी पडली, पण पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरच्या लक्षात आलं की ज्या म्हाताऱ्यांना १७८१ साली गोवर येऊन गेला होता त्यांच्यातल्या एकालाही तो परत झाला नाही. मधल्या ६५ वर्षांत गोवराचा जंतू त्यांना भेटला पण नव्हता आणि तरी शरीर विसरलं नव्हतं.

पण गोवराचा विषाणू एकाच तऱ्हेचा आहे आणि लेप्टोचं तसं नाही. लेप्टोस्पायराचे दोनशेच्या वर उपप्रकार आहेत, वरचं आवरण प्रत्येकाचं वेगळं, आणि तुमच्या अँटिबॉडीज मागच्या वर्षीच्या आवरणाला ओळखतात. यंदा शेतातल्या उंदराच्या मुतातून दुसरा प्रकार आला तर तुम्ही जवळजवळ पहिल्याइतकेच नवखे. शिवाय हा जंतू मुळातच लबाड, बाकीच्या जंतूंच्या ज्या खुणेवर आपल्या पेशी लगेच सावध होतात ती खूण याच्यात थोडी वेगळी असल्याने सुरुवातीचे दिवस तो बिनबोभाट रक्तात फिरतो. डेंग्यूचं तर याहून वाईट, त्याचे चार प्रकार आणि एक होऊन गेल्यावर दुसरा झाला तर पहिल्याच्या अँटिबॉडीज कधीकधी विषाणूला पेशीत शिरायला मदतच करतात, म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त जड जाऊ शकतो.

तुम्हाला दिलेल्या गोळ्या बहुधा डॉक्सिसायक्लिनच्या असतील, मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर, शेतात पाय भिजतायत तेवढे आठवडे. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. गोळी घेतली तरी गमबूट आणि जखमेवर पट्टी हवीच.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही पण रिपोर्टवरून फार गैरसमज होतात. लेप्टोची आयजीएम टेस्ट म्हणजे शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीजची टेस्ट. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या पुरेशा बनलेल्याच नसतात, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणजे लेप्टो नाही असं होत नाही, आणि बरं झाल्यावर काही महिने पॉझिटिव्ह राहिली म्हणजे आजार अंगात आहे असंही नाही.

मालवणच्या एक ताई लिहितात : मला कोळंबी खाल्ली की दहा मिनिटांत ओठ सुजतात आणि अंगावर गांध्या उठतात, बाकी कुणाला काही होत नाही. पण परवा बांगड्याचं तिखलं खाऊन घरात चौघांची तोंडं लालबुंद झाली, डोकं दुखलं, अंगाला खाज. सगळ्यांना एकदम ॲलर्जी कशी होईल?

ताई, तुम्ही दोन्ही गोष्टी नीट बघितल्यात म्हणून उत्तर द्यायला सोपं झालं. कोळंबीची तुमची खरी ॲलर्जी आहे, बांगड्याचं मात्र तसं वाटत नाही.

कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन असतं. ते काही विष नाही, तुमच्या घरचे रोज खातात. पण तुमच्या शरीराने त्याला शत्रू धरून आयजीई प्रकारच्या अँटिबॉडीज बनवल्यात, त्या चामडीतल्या, घशातल्या, आतड्यातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात आणि कोळंबीचा अंश आला की त्या पेशी आतलं हिस्टामिन नावाचं रसायन एका झटक्यात सोडतात. त्याने खाज, गांध्या, सूज. हे प्रोटीन शिजवून मोडत नाही, त्यामुळे "नीट शिजवली की चालेल" हे ऐकू नका. कुर्ली, शेवंड यांतही असंच प्रोटीन असतं, तेव्हा ते खाण्याआधी ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटा. आणि यात मला खरी काळजी वाटते ती पुढच्या वेळची. आज ओठ सुजले, उद्या घसा सुजू शकतो. आवाज बसला, श्वासाला त्रास झाला, चक्कर आली तर गोळी घेऊन वाट बघायची नाही, थेट दवाखाना, तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं.

बांगड्यात हिस्टामिन बाहेरून आलं. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं, मासा बर्फाशिवाय राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करून टाकतात, आणि एकदा झालं की ते ना तळून जातं ना उकळून. म्हणून जो खाईल त्याला होतं, ॲलर्जी असो वा नसो. साधारण काही तासांत उतरतं. बांगडा सोडायची गरज नाही, घेताना बर्फातला घ्या आणि घरी आणल्यावर ओट्यावर ठेवून गप्पा मारत बसू नका.

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात काम करणाऱ्या एका वाचक भगिनी : पहिले काही आठवडे काही झालं नाही, आता हात लागला की दुसऱ्या दिवशी पुरळ आणि पाणी भरलेले फोड. आंब्याच्या चिकाने पण तोंडाभोवती उठायला लागलंय. आधी सोसत होतं ते आता का नाही?

कारण आता तुमच्या टी पेशींनी ते ओळखून ठेवलंय. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. काजूच्या टरफलातलं तेल मुळात जाळणारं आहेच, ते कुणाचाही हात पोळवेल, पण त्यातले पदार्थ चामडीत मुरून तिथल्या प्रोटीनला चिकटतात आणि टी पेशींना आपलीच चामडी परकी वाटायला लागते. पहिल्या वेळा फक्त ओळख होते, हल्ला नंतर. आणि हा हल्ला कोळंबीसारखा मिनिटांत येत नाही, एक-दोन दिवसांनी येतो, म्हणून कशाने झालं हे कितीतरी जणींच्या लक्षातच येत नाही. आंब्याच्या चिकात आणि सालीत तसेच पदार्थ असल्यामुळे तिथेही उठतं. आंबा नीट धुवून, सोलून, देठाकडचा भाग टाकून कुणीतरी कापून दिला तर बऱ्याच जणांना चालतो.

हातमोजे न घालता काम करू नका, आणि मालकांकडे ते मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. तेल लागलं तर लगेच साबणाने धुवा. फोड वाढले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, दुकानातून कुठलंही स्टिरॉइड मलम आणून महिनोन्‌महिने चोळू नका.

चिपळूणहून : घरातल्या सगळ्यांची इम्युनिटी वाढवायला रोज गुळवेलीचा काढा, हळदीचं दूध आणि एक इम्युनिटी बूस्टर पावडर चालू आहे. अजून काय घ्यावं?

अजून काही नको, आणि आहे त्यातलं पण कमी करा. वरची दोन उत्तरं वाचा, कोळंबीत आणि काजूत कमी पडलेली ताकद नव्हे, जास्त झालेला आणि चुकीच्या जागी झालेला हल्ला आहे. संधिवातात हीच शक्ती स्वतःचे सांधे खाते, लहान मुलांत घशाच्या एका इन्फेक्शननंतर कधीकधी हृदयाच्या झडपांवर उलटते. नुसती "वाढवायची" अशी ही गोष्टच नाही, तिला परकं आणि आपलं ओळखता यायला हवं.

हळदीचं दूध प्या, कोकम प्या, आवडतं म्हणून. पण गुळवेल रोज महिनोन्‌महिने घेऊ नका. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला, पण ज्याला आधीच लिव्हरचा त्रास किंवा थायरॉइड, संधिवातासारखा आजार आहे त्याने तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पावडरीचे पैसे अंडी, कडधान्य, मासे यांवर घाला, कारण अँटिबॉडी हे प्रोटीनच असतं. झोप पुरी करा, तंबाखू सोडा, शुगर असेल तर ताब्यात ठेवा, आणि मुलांच्या लसीचं कार्ड काढून बघा एखादा डोस राहिलाय का. ओळख शिकवणारी सगळ्यात खात्रीची गोष्ट लसच आहे.

संगमेश्वरच्या नववीतल्या विद्यार्थ्याचा प्रश्न : साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन म्हणजे सापाची लस का? मग ती आधीच टोचून का नाही घेत?

फार चांगला प्रश्न विचारलास. लस आणि ते इंजेक्शन यात मोठा फरक आहे. लस शरीराला शिकवते, मग शरीर स्वतः अँटिबॉडी बनवतं. १० जानेवारी १८९७ ला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, ती या जातीची. सर्पदंशाच्या इंजेक्शनात मात्र तयार अँटिबॉडी असतात, घोड्याने बनवलेल्या. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस वाढवत नेतात, त्याला काही होत नाही पण त्याच्या रक्तात अँटिबॉडी साठतात, मग थोडं रक्त काढून त्या वेगळ्या करतात. परळच्या हाफकिन संस्थेने हे काम कितीतरी वर्षं केलंय. मूळ कल्पना १८९० ची, बेरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांची, घटसर्प आणि धनुर्वातावर.

साप चावल्यावर शरीराला शिकायला आठवडा मिळत नाही, म्हणून उसन्या अँटिबॉडी. त्या काही दिवस-आठवड्यांत संपतात, आठवण राहत नाही, त्यामुळे एकदा इंजेक्शन घेतलेल्याला पुढच्या वेळी परत लागतंच. आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, आणि रत्नागिरीत फुरसं किती आहे ते तुला माहीत असेलच. हिरव्या चापड्यावर ते चालत नाही. विंचवाचं वेगळं, त्यात प्राझोसिन या गोळीने जीव वाचतात हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, हात-पाय न हलवता सरकारी दवाखान्यात.

गुहागरहून एक आजोबा : गाय व्यायली की आम्ही खरवस करतो. त्याने नातवंडांची प्रतिकारशक्ती वाढते ना?

आजोबा, खरवसात प्रोटीन भरपूर, नातवंडांना जरूर द्या. पण त्यातल्या अँटिबॉडी गाईच्या, त्या वाफवताना बऱ्याचशा मोडतात आणि उरलेल्या पोटात पचतात. खरी गरज वासराला आहे. माणसाच्या बाळाला आईच्या अँटिबॉडी पोटात असतानाच वारेतून मिळतात आणि पुढे अंगावरच्या दुधातून, म्हणून सुनेचं पहिलं पिवळसर दूध काढून टाकायला सांगू नका. वासराला मात्र गाईच्या पोटात असताना जवळजवळ काहीच मिळत नाही, सगळं पहिल्या दुधातून, आणि त्याची आतडी त्या अँटिबॉडी जशाच्या तशा रक्तात घेतात ती फक्त पहिला एखादा दिवस, त्यातही पहिले काही तास सगळ्यात महत्त्वाचे. तेव्हा पहिल्या दिवशीचं दूध त्याला पोटभर पिऊ द्या आणि खरवस त्यानंतर उरलेल्या दुधाचा करा.